लेकराला झोपेत ऑक्सिजन लावताय? या चुका टाळा

आमचं लेकरू चार वर्षांचं असताना सात महिने रात्रीचं ऑक्सिजनवर होतं. टॉन्सिल आणि नाकामागचे अॅडिनॉइड इतके वाढले होते की गाढ झोप लागली की घसा मिटायचा. आधी घोरणं, मग एकदम शांत. छाती वर-खाली होतेय, पण नाकाशी बोट धरलं तर वारा लागत नाही. मग दचकून, मान मागं टाकून एक मोठा श्वास. ऐन थंडीतही उशी घामानं ओली व्हायची. घरात सगळे म्हणायचे, "बापावर गेलंय घोरायला." त्यातच वर्ष गेलं. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तुमच्याकडं असं होत असेल तर आधी एक करा. लेकराची छाती उघडी ठेवून, आवाजासकट, मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. लेकरू जागं असताना दवाखान्यात काहीच दिसत नाही, व्हिडिओत सगळं दिसतं. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही तोच दाखवा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घशाची ओपीडी आहे.

ऑक्सिजन म्हणजे इलाज झाला, असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

ऑक्सिजनची नळी मिटलेला घसा उघडत नाही. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळं श्वास अडला तरी रक्तातलं प्रमाण लवकर खाली येत नाही, एवढंच. घसा उघडा ठेवायचं काम सीपॅप नावाचं वेगळं मशीन करतं, ते दाबानं हवा देतं. टॉन्सिल-अॅडिनॉइड वाढलेल्या बहुतेक लेकरांना आधी ऑपरेशनच सुचवतात. आमच्या मुलाचं वजन कमी, छातीत सारखा कफ, त्यामुळं भूल द्यायला डॉक्टर थांबले होते. सीपॅपचा मास्क त्यानं तोंडावर ठेवूच दिला नाही. म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली रात्रभराची तपासणी, करून, कार्बन डायऑक्साइड तपासून, ऑपरेशन होईपर्यंत रात्री मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजन लिहून दिला. तो हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मशीनमधून (कॉन्सन्ट्रेटर) घरीच द्यायचा.

लावल्यावर महिनाभरात ऑक्सिमीटरवरचा आकडा (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) ९६-९७ दिसू लागला आणि घरात बोलणी सुरू झाली, "आता बरा आहे की, कापाकापी कशाला?" मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण रात्री दिवा लावून बघितलं तर बरगड्यांखालचा खड्डा तसाच आत ओढला जात होता. लेकरू तितकंच झगडत होतं, फक्त आकडा छान होता. तेव्हापासून मी रोज एकदा ऑक्सिमीटर न बघता नुसती छाती बघायची सवय लावून घेतली.

आकडा उतरला की लिटर वाढवणं

माघातल्या एका रात्री सर्दी झाली होती. आकडा ८८ वर आला. ह्यांनी घाबरून अर्ध्या लिटरचे दोन लिटर केले. आकडा ९७ झाला आणि आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी लेकरू उठेना. हलवलं तरी डोळे उघडून पुन्हा मिटायचं. उठलं ते डोकं धरून, आणि ओकलं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर रागावले, मग कागदावर चित्र काढून समजावलं.

श्वासाची दोन कामं असतात, ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. घसा अडला की दोन्ही अडतात. ऑक्सिजन वाढवला की पहिलं काम भरून निघतं, दुसरं तसंच राहतं. वर काही लेकरांचं शरीर ऑक्सिजन उतरल्यावरच दचकून श्वास घेत असतं. तो उतरूच दिला नाही की ते दचकणं लांबतं आणि अडलेला वेळ वाढतो. कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ऑक्सिमीटरवर तो दिसतच नाही. सकाळी डोकं दुखणं, उठवता न येणं, दिवसभर पेंगणं या त्याच्या खुणा आहेत.

म्हणून डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहूनच घ्या: किती लिटर, आकडा कितीच्या खाली गेला तर फोन करायचा, आणि लिटर वाढवायची परवानगी आहे का, असेल तर कुठपर्यंत. सर्दी-खोकल्यात काय करायचं तेही त्याच कागदावर घ्या.

आकडा पडला की घाबरून मशीनकडं धावणं

रात्री पावणेतीन. पायाला बांधलेल्या ऑक्सिमीटरवर ७८. मी मशीनकडं धावले, बटणं दाबली, ह्यांना उठवलं. लेकरू मात्र गुलाबी ओठांनी शांत झोपलेलं. वाकळ सरकून पाय उघडा पडला होता, गार झाला होता. पाय हातात धरून ऊब दिली, सेन्सर नीट बांधला, ९५ दिसलं.

तर क्रम हा ठेवा. आधी लेकरू: ओठ, जीभ, छाती, हलवल्यावर जाग. मग सेन्सर: पाय गार आहे का, हालचाल चालू आहे का, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश आहे का. मोठ्या माणसाची चिमट्याची क्लिप लहान बोटावर खोटं बोलते, गुंडाळायचा सेन्सर घ्या. मग नाक: नळी नाकातून निघून गालावर आलीय का, नाक चोंदलंय का. मग नळी अंगाखाली किंवा खाटेच्या पायाखाली दबलीय का. सगळ्यात शेवटी मशीन.

हवा येतेय की नाही हे बघायला नळीची टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसले पाहिजेत. मग नीट पुसूनच परत लावा. बुडबुडे नसतील तर दहापैकी बहुतेक वेळा मशीनला जोडलेल्या, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं. आमचं दोनदा तसंच निघालं.

दिवसा जागेपणी बोटाला लावून "९८ आहे" म्हणून खूश होऊ नका. हा आजार झोपेतला आहे. स्वप्नं पडणारी झोप पहाटे जास्त असते आणि त्यातच घसा जास्त ढिला पडतो. त्यामुळं मध्यरात्री नळी काढून टाकणंही चूक.

लाईट जाणारच आहे, हे विसरणं

आमच्याकडं मशीन आलं त्याच आठवड्यात गावची डीपी जळाली आणि चार दिवस अंधार होता. घरात सिलिंडर नव्हता. पहिली रात्र तालुक्याला नातेवाइकांकडं काढली.

हिशोब असा. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण प्रत्यक्षात नव्या बॅटरीवरही तीन-साडेतीन तास धरा, आणि पंखा चालू असेल तर त्याहून कमी. म्हणून सिलिंडर हवाच. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला अर्धा लिटर लागत असेल तर सुमारे ५० तास. गेज निम्म्यावर आलं की निम्मे तास. पण १५ लिटरच्या साध्या फ्लोमीटरवर (मिनिटाला किती लिटर जातंय ते आतल्या गोळीनं दाखवणारी नळी) अर्धा लिटर नीट धरता येत नाही. लहान लेकरांचा कमी आकड्यांचा फ्लोमीटर मागून घ्या, आणि गोळी डोळ्यांच्या रेषेत धरून तिचा मध्य रेघेवर आणा.

उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, म्हणून स्टॅबिलायझर लावा. मशीन सुरू केल्यावर लगेच पुरेसा शुद्ध ऑक्सिजन येत नाही, काही मिनिटं चालू द्या. पिवळा किंवा लाल दिवा लागून राहिला तर शुद्धता घसरलीय, सिलिंडरवर घ्या आणि मशीनवाल्याला फोन करा.

आग

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉईल, विडी, चूल, गॅस, सगळं मशीनपासून आणि लेकरापासून निदान आठ-दहा फूट लांब. जाणती माणसं सर्दी झाली की ओव्याची धुरी द्यायला, शेगडीवर शेकायला बघतात. त्यांच्या मायेत खोट नसते, पण ऑक्सिजन चालू असताना हे जीवघेणं आहे, आणि धूर तसाही अशा लेकराला नको. सासूबाईंना मी भांडून सांगितलं नाही. डॉक्टरांकडं सोबत नेलं, डॉक्टरांनी सांगितलं, आणि सासूबाईंनी स्वतःच शेगडी अंगणात नेऊन ठेवली.

नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलिन, खोबरेल तेल, बाम लावू नका. पाण्यात विरघळणारं जेल मेडिकलमध्ये मिळतं. डोक्याला तेल लावायचं तर सकाळी, नळी काढल्यावर. तेलकट हातानं सिलिंडरच्या रेग्युलेटरला अजिबात हात लावू नका. आणि नळी नाकातून काढून मशीन चालूच ठेवलं तर वाकळेत, उशीत ऑक्सिजन मुरतो. काढली की आधी बंद करा.

पाणी, धूळ, नळी

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, चार दिवसांत बाटलीला पांढरा थर चढतो. मेडिकलमधलं स्टराइल पाणी किंवा उकळून गार केलेलं वापरा, रोज बदला, बाटली धुवा. एवढ्या कमी लिटरला बाटली लागतेच असं नाही, डॉक्टरांना विचारा.

सोयाबीनचा हडंबा (मळणीयंत्र) किंवा तुरीची रास चालू असली की मशीनचा फिल्टर आठवड्याला धुऊन भागत नाही. आम्ही सुगीत दर दोन दिवसांनी धुवायचो, पूर्ण वाळवून बसवायचो. मशीन भिंतीपासून फूटभर पुढं ठेवा, पडद्याआड किंवा कोनाड्यात नको, ते गरम होतं.

नळीचा गळ्याला फास बसू शकतो. गालावर मऊ चिकटपट्टीनं चिकटवा, बाकीची पाठीवरून सदऱ्याच्या आतून घालून खाली पायाकडून बाहेर काढा. नाकातली टोकं खालच्या बाजूला वळलेली हवीत. कडक झाली की बदला.

झोपेचं सिरप

खोकल्याच्या ज्या औषधानं गुंगी येते, ते या लेकरांना मनानं देऊ नका. घसा आणखी ढिला पडतो. दाताच्या दवाखान्यातसुद्धा भूल द्यायच्या आधी "याचा झोपेत श्वास अडतो" हे आपणहून सांगा. कोडीनच्या (अफूच्या जातीचं, गुंगी आणणारं वेदनाशामक) औषधावर तर अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असा ठळक इशारा छापायला लावला.

एकाच माणसाला सगळं माहीत असणं

आमच्या शेजारची दोघं नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ राहतात. फडावरच्या कोपीत ना लाईट, ना दवाखाना, अशा लेकराला तिथं नेता येतच नाही. मग ज्या आजीजवळ राहणार, तिला मशीन बंद-चालू करता आलं पाहिजे, सिलिंडरची चावी फिरवता आली पाहिजे. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. मशीनच्या आकड्याशेजारी मी लाल टिकली चिकटवली होती, "गोळी टिकलीशी, बास." मी बाजाराला गेले तर त्या बिनघोर सांभाळायच्या.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत हे लावलं होतं, थोरल्या मुलीला वाचता यावं म्हणून: ओठ निळे, हलवून जाग येत नाही, श्वास थांबला, किंवा बरगड्या खूप ओढतात, तर लगेच १०८. श्वास थांबला तर आधी हलवायचं, हाक मारायची, कुशीवर वळवून मान सरळ करायची. तरी श्वास आला नाही तर तोंडानं श्वास आणि छाती दाबणं. ते आम्ही सगळ्यांनी दवाखान्यातल्या सिस्टरकडून बाहुलीवर शिकून घेतलं होतं.

ऑपरेशननंतरही पहिल्या रात्रीच नळी काढू नका. सूज असते, ती रात्र देखरेखीतच काढावी लागते. आमचं दीड महिन्यानं बंद झालं, तेही डॉक्टरांनी रात्रभराची तपासणी पुन्हा करून सांगितल्यावर. त्या रात्री मी सवयीनं तीनदा उठले. खोलीत मशीनची घरघर नव्हती, घोरणं नव्हतं. नाकाशी बोट धरलं, वारा लागत होता.