स्कॉटलंडच्या जुन्या गोल्फ कोर्सची सहल कशी आखावी: एकच किनारा धरा

पुण्या-मुंबईकडची चार गोल्फवेडी माणसं स्कॉटलंडला जायचं ठरवतात तेव्हा यादी आधीच तयार असते: सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, पश्चिमेला ट्रून आणि प्रेस्टविक, आणि जमलंच तर थेट उत्तरेला डॉर्नॉक. नकाशावर देश एवढासा दिसतो, म्हणून सगळं आठवड्यात बसेल असं वाटतं. प्रत्यक्षात एडिनबराहून डॉर्नॉकला गाडीने चार तासांहून जास्त लागतात. अशा सहलीत सकाळ खेळण्यात आणि उरलेला दिवस हायवेवर जातो. ज्या गावात हा खेळ वाढला त्या गावात संध्याकाळी पायी हिंडायलाही मिळत नाही.

म्हणून पहिल्या सहलीसाठी माझा आग्रह एकच आहे. पूर्व किनारा धरा. एडिनबराच्या पूर्वेचा ईस्ट लोदियन, फोर्थची खाडी ओलांडल्यावर फाइफ, आणि टे नदीपलीकडे कार्नूस्टी. एवढ्या पट्ट्यात तुम्हाला आयुष्यभर पुरतील इतके जुने कोर्स आहेत. मुक्काम फक्त दोन करायचे: आधी तीन रात्री गलन किंवा नॉर्थ बेरिकला, मग चार रात्री सेंट अँड्र्यूजला.

पायरी १: तारखा ठरवा

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. मे महिन्यात काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात आणि गर्दीही जरा कमी असते. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळचा राउंड झाल्यावर संध्याकाळी आणखी नऊ होल सहज खेळता येतात. नोव्हेंबर ते मार्च टाळा. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर त्या काळात फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो.

तिकीट काढण्याआधी स्पर्धांचं वेळापत्रक पाहा. जुलैत स्कॉटिश ओपनमुळे ईस्ट लोदियनमध्ये खोल्या मिळत नाहीत. शरद ऋतूतल्या डनहिल लिंक्स स्पर्धेच्या वेळी ओल्ड कोर्स, कार्नूस्टी आणि किंग्जबार्न्स पाहुण्यांसाठी बंद असतात.

पायरी २: कागदपत्रं जमवा

आपल्या क्लबकडून हँडिकॅपचं (खेळातलं कौशल्य आकड्यात सांगणारं) प्रमाणपत्र घ्या, आणि फोनमध्ये असलं तरी छापील प्रतही ठेवा. नावाजलेल्या कोर्सवर ते मागतात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजा लागतो, त्यासाठी पुरेसे आठवडे हाताशी ठेवा. इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्स तिथे पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत चालतं. भाड्याने गाडी देणारे कधी आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, तोही काढून ठेवलेला बरा.

पायरी ३: ओल्ड कोर्सचं जमवा

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळी सहल या एका टी टाइमभोवती, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेभोवती, फिरते.

ओल्ड कोर्स कुठल्या खाजगी क्लबच्या मालकीचा नाही. ती सार्वजनिक जमीन आहे. १५५२ सालच्या एका सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे. तुम्हा-आम्हाला तिथे खेळता येतं ते याच परंपरेमुळे. रविवारी कोर्स बंद असतो आणि गावातली माणसं मुलांना, कुत्र्यांना घेऊन फेअरवेवरून फिरत असतात. सेंट अँड्र्यूजच्या मुक्कामात रविवार नक्की येऊ द्या. त्या दिवशी १८व्या होलवरच्या स्विल्कन पुलावर निवांत उभं राहता येतं, आणि दुसऱ्या दिवशी कुठे मारायचं याचा चालत चालत अभ्यासही होतो.

टाइम मिळवायचे मार्ग तीन. पहिला, आदल्या वर्षी थेट अर्ज करणं. यात तारीख पक्की होते, पण मागणी फार असते. दुसरा, सोडत. दोन ते चार जणांच्या गटाने खेळण्याच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, त्याच दिवशी निकाल लागतो. सोमवारची सोडत शनिवारी होते. तिसरा मार्ग एकट्या खेळाडूचा. आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, आणि जिथे गटात जागा रिकामी असेल तिथे सोडतीने नंबर लागतो. सेंट अँड्र्यूजला चार रात्री ठेवा असं मी म्हणतो ते याचसाठी. जितके दिवस तिथे असाल तितक्या वेळा सोडतीत नाव टाकता येतं.

उन्हाळ्यात इथली खेळायची फी (ग्रीन फी) ३०० पौंडांच्या वर जाते. नंबर नाहीच लागला तर शेजारचा न्यू कोर्स खेळा. नाव न्यू असलं तरी तो १८९५चा आहे आणि जुन्या काळचे नावाजलेले खेळाडू ओल्ड टॉम मॉरिस यांनीच आखलेला आहे. खरा लिंक्सचा (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या कोर्सचा) खेळ काय असतो तो तिथे पूर्ण कळतो, आणि पैसेही बरेच वाचतात.

पायरी ४: बाकीचे कोर्स निवडा

नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स चुकवू नका. तेराव्या होलला ग्रीनच्या (झेंडा असतो त्या गुळगुळीत हिरवळीच्या) पुढ्यातच दगडी गडगा आहे, त्याच्या वरून चेंडू उचलून टाकावा लागतो. पंधरावा रेडान हा पार-३ (तीन फटक्यांत संपवायचा होल), आणि जगात बहुधा सर्वांत जास्त नकला झालेला होल हाच. अमेरिकेत कोर्स आखणारे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड यांनी तो नेला आणि तिथून तो पसरला. ग्रीन उजवीकडून डावीकडे आणि पुढून मागे उतरतं, डाव्या अंगाला खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. झेंड्यावर नेम धरू नका. ग्रीनच्या उजव्या तोंडाशी चेंडू टाकला की उतार त्याला स्वतःच झेंड्याकडे घेऊन जातो. हा एक फटका नीट बसला तर जुन्या कोर्सची विचारपद्धती हातात उतरते: चेंडू हवेत किती गेला यापेक्षा जमिनीवर पडल्यावर काय करतो ते महत्त्वाचं.

एडिनबराहून नॉर्थ बेरिककडे येताना वाटेत मसलबराचा ओल्ड लिंक्स लागतो. नऊच होल, तेही घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत. १८७४ ते १८८९ या काळात ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा, इथे सहा वेळा झाली. सव्वाचार इंच व्यासाचा होल (चेंडू जातो तो खड्डा) जगभर १८९१ पासून नियमात आहे, आणि त्या मापाचं होल कापायचं जुनं अवजार मसलबराचंच. लाकडी दांड्याच्या हिकरी क्लब भाड्याने घेऊन इथे खेळा. स्विंग सावकाश केल्याशिवाय त्या क्लबने चेंडू नीट लागतच नाही, आणि पुढच्या सगळ्या आठवड्याला ती सवय उपयोगी पडते.

फाइफमध्ये ईली आणि क्रेल ही दोन छोटी गावं यादीत हवीतच. ईलीच्या पहिल्या होलपुढे टेकाड आहे, त्यामुळे पुढचा गट दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या (गटांना पाळीने सोडणाऱ्या माणसाच्या) खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे. त्यातून पाहून तो तुम्हाला मारायची खूण करतो. कोर्सवर एकही पार-५ नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. क्रेलची गोल्फ सोसायटी १७८६ची. समुद्र जवळजवळ सतत नजरेसमोर असतो. या दोन्ही ठिकाणी फी नावाजलेल्या कोर्सपेक्षा बरीच कमी, आणि क्लबमधली माणसं आपुलकीने बोलतात.

कार्नूस्टी एक दिवस. सेंट अँड्र्यूजहून टे पुलावरून पाऊण तासाचा रस्ता. कोर्स फार कठीण आहे, म्हणून तो शेवटच्या दिवसांत ठेवा. शेवटच्या होलवर बॅरी बर्न नावाचा ओढा आडवा येतो. १९९९च्या ओपनमध्ये झाँ व्हॅन द वेल्ड यांना जिंकायला तिथे ६ फटके पुरले असते. त्यांना ७ लागले आणि प्लेऑफमध्ये स्पर्धा हातची गेली. तुम्ही दुसऱ्या फटक्याला ओढ्याच्या अलीकडे चेंडू ठेवा.

म्युरफील्डसारखे खाजगी क्लब पाहुण्यांना ठरावीक वारांनाच घेतात. तिथे जायचं असेल तर बाकीच्या तारखा त्या वाराभोवती लावा. जेवणाला जॅकेट आणि टाय लागतो.

पायरी ५: गाडी घ्या, पण कमी चालवा

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे सवय लगेच होते. चार खेळाडू आणि चार बॅगा साध्या सेडानमध्ये मावत नाहीत. मोठी डिकी असलेली इस्टेट किंवा व्हॅन मागा, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगा. पाट्या मैलांत असतात: गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर.

विमानातून उतरल्या दिवशी टी टाइम ठेवू नका. नॉर्थ बेरिककडे जाताना किनाऱ्यालगतचा ए-१९८ रस्ता घ्या. तिथून एडिनबराच्या बाहेरून, २०१७ साली खुल्या झालेल्या क्वीन्सफेरी पुलावरून फाइफमध्ये उतरा आणि पुढे ईली, क्रेलमार्गे ए-९१७ने सेंट अँड्र्यूज गाठा. क्वीन्सफेरी आणि टे, दोन्ही पुलांना टोल नाही. अरुंद एकपदरी रस्त्यावर जागोजाग गाडी बाजूला घ्यायला थांबे असतात. समोरच्याला वाट देण्यासाठीच ते आहेत, तिथे गाडी उभी करू नका.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. राउंडनंतर क्लबहाउसमध्ये व्हिस्की घ्यायची असेल तर ज्याने गाडी चालवायची त्याने चहाच घ्यावा.

पायरी ६: खेळ बदला

बहुतेक जुन्या लिंक्सवर खेळाडूंना फिरवणारी बग्गी गाडी मिळत नाही. चालावं लागतं. जाण्याआधी महिनाभर रोज तासभर चालायची सवय करा. पावसाळ्यात पुण्यात खेळणाऱ्यांना ओल्या वाऱ्यात खेळायचा सराव असतो, तो इथे कामी येतो. पक्का रेनकोट, लोकरी टोपी आणि ओल्यात पकड न सुटणारे ग्लव्ह्ज बॅगेत जूनमध्येही हवेत.

जमीन कडक आणि वारा जोराचा, म्हणून चेंडू खाली ठेवा. ग्रीनच्या बाहेर वीस यार्डांवरूनही पटर (ग्रीनवर चेंडू लोटायचा क्लब) वापरायला संकोच करू नका, तिथले लोक तेच करतात. खड्ड्यासारख्या बंकरमधून पुढे जायचा हट्ट सोडा, आडवं किंवा मागे बाहेर काढा. ओल्ड कोर्सवर शंका आली की डावीकडे मारा. तिथे सात ग्रीन दुहेरी आहेत आणि एका ग्रीनवरच्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज १८ येते. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. चुकीच्या झेंड्यावर मारणं सहज घडतं.

निदान ओल्ड कोर्सला तरी कॅडी (बॅग वाहणारा आणि वाट सांगणारा मदतनीस) घ्या. तिथले कितीतरी बंकर टीवरून दिसतच नाहीत. पैसे रोख द्यावे लागतात, वर बक्षिसी वेगळी. वेगाचं भान ठेवा, तिथे राउंड चार तासांत संपावा अशी अपेक्षा असते. फोटो काढा, पण आपल्या फटक्याची पाळी येईपर्यंत क्लब हातात तयार हवा.

घरची मंडळी बरोबर असतील तर

सेंट अँड्र्यूजला ओल्ड कोर्सच्या शेजारीच हिमालयाज नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं ते मैदान. चार-दोन पौंडांत लहानथोर सगळ्यांना खेळता येतं. कॅथीड्रलच्या दफनभूमीत ओल्ड टॉम मॉरिस आणि त्यांचा मुलगा यंग टॉम यांच्या कबरी आहेत. मुलाने १८६८ ते १८७२ दरम्यान सलग चार ओपन जिंकल्या आणि १८७५ साली, अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. नॉर्थ बेरिकला पुळण आहे आणि समोर समुद्रपक्ष्यांनी पांढरा झालेला बास रॉक.

दहा-बारा दिवस असतील तर कार्नूस्टीनंतर डॉर्नॉकला दोन रात्री जोडा. पश्चिमेच्या प्रेस्टविकसाठी मात्र वेगळी सहल करा. पहिली ओपन १८६० साली तिथे झाली, तेव्हा कोर्स बारा होलचा होता आणि आठ खेळाडू एका दिवसात तीन फेऱ्या खेळले. सतराव्या होलचं ग्रीन आजही टेकाडामागे लपलेलं आहे, आणि पुढच्या गटाने घंटा वाजवल्याशिवाय मागच्यांनी चेंडू मारायचा नसतो.