बटाट्याचे ठसे: घरच्या घरी छापकाम

बटाट्याच्या ठशाचा पहिला छाप बहुतेक घरांत फसतो. कडा पसरतात, मधोमध रंगच उमटत नाही आणि मुलं पंधरा मिनिटांत उठून जातात. खापर सहसा रंगावर फुटतं, पण खरं कारण पाणी. बटाट्याच्या वजनात साधारण ८० टक्के पाणीच असतं. सुरी फिरली की ते पिष्टासकट कापलेल्या तोंडावर येतं आणि वर लावलेला रंग पातळ करतं. या पाण्याचा बंदोबस्त केला, तर चार वर्षांच्या मुलाच्या हातूनही स्वच्छ छाप उमटतो.

बटाटा कोणता घ्यायचा

दाबल्यावर जराही न दबणारा, जुना, जाड सालीचा बटाटा घ्या. नव्या बटाट्याची साल बोटाने निघते. तो जास्त पाणी सोडतो आणि कोरताना त्याच्या कडा चुरतात. सुरकुतलेला बटाटा तर घेऊच नका. तो रबरासारखा वाकतो आणि सुरीची धार त्यात सरळ जात नाही. उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत वेफर्ससाठी जो मोठा, घट्ट बटाटा मिळतो, तो ठशाला उत्तम. त्यात पाण्याचा अंश कमी असतो. रोजच्या भाजीतला कुफरी पुखराज पाणचट असतो. तोही चालतो, फक्त टिपायला वेळ जास्त द्यावा लागतो. (‘कुफरी’ हे शिमल्याजवळचं गाव. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांना हे नाव लागतं.)

मोठ्यांसाठी ८ ते १० सेंटिमीटर लांबीचा आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ६ सेंटिमीटरचा बटाटा हवा. मुलाच्या मुठीत नीट बसत नसेल, तर दाबताना तो घसरतो. हिरवट झालेले किंवा मोड आलेले बटाटे ठशासाठीही लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि मुलं बोटं तोंडात घालतातच.

कापणं आणि टिपणं

लांब, सरळ पात्याची सुरी घ्या आणि एकाच दाबात बटाटा आरपार कापा. सुरी करवतीसारखी मागेपुढे केली, तर तोंडावर बारीक पायऱ्या पडतात आणि त्या छापात दिसतात. विळीचं पातं बाकदार असतं. विळीवर सराईत हातालाही अगदी सपाट काप मिळणं कठीण, म्हणून इथे सुरीच बरी.

काप सपाट आहे का, हे पाहायला बटाटा स्टीलच्या ताटात पालथा ठेवा आणि बोटाने हलवा. डुलला, तर एक पातळ चकती आणखी काढा. मग जुन्या सुती धोतराच्या किंवा पंचाच्या तुकड्यावर १० मिनिटं पालथा ठेवा. कापड ओलं झालं की कोरड्या जागी सरकवून आणखी ५ मिनिटं. टिश्यू पेपर वापरला, तर त्याचे तंतू चिकट तोंडावर अडकतात. कोरून झाल्यावर पुन्हा एकदा टिपायचं, कारण प्रत्येक नवा काप नवं पाणी सोडतो. ही दुसरी टिपणी लोक विसरतात आणि तिथेच छाप बिघडतो.

कोरणं

पहिल्या दिवशी त्रिकोण, चौकोन, गोल, पान, मासा असे ठसठशीत आकार घ्या. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ कोरू नका. ती दाबाखाली मोडते. आकार बॉलपेनने काढा आणि रेघेवरून सुरीचं टोक ५ ते ६ मिलिमीटर खोल उभं फिरवा. टोक किंचित बाहेरच्या बाजूला तिरपं धरा, म्हणजे आकाराचा पाया रुंद राहतो. टोक आतल्या बाजूला गेलं, तर पाया पोखरला जातो आणि दहाव्या छापाला आकार तुटून पडतो. नंतर बटाट्याच्या कडेकडून तेवढ्याच खोलीवर आडवा काप घेत आत या. दोन काप भेटले की बाजूचा भाग आपसूक सुटतो.

बिस्किटांचा धातूचा साचा असेल, तर काम आणखी सोपं. साचा तोंडात १ सेंटिमीटर रुतवा आणि तसाच राहू द्या. बाहेरून सुरी साच्याला टेकेपर्यंत गोल फिरवून कडं काढा आणि मग साचा उपसा.

सात वर्षांखालच्या मुलांना सुरी नकोच, पण त्यांना नुसतं दाबायला बसवणंही बरोबर नाही. त्यांच्या हाती रिकामं बॉलपेन, सरबताची नळी, दात कोरायची काडी आणि स्क्रू द्या. नळी तोंडात टोचून फिरवली की गोल भोक पडतं. छापात तोच ठिपका कोरा राहतो. स्क्रू आडवा दाबला, तर बारीक रेघांची पट्टी मिळते. घरात नागमोडी पात्याची वेफर्सची सुरी असेल, तर तिने कापलेला अर्धा बटाटा हा तयारच ठसा असतो. समांतर रेघा, काहीही न कोरता. आडवी कापलेली भेंडीही सोबत ठेवा. तिचं फूल इतकं रेखीव उमटतं की मुलं बटाटा बाजूला ठेवून आधी भेंडीच मागतात.

मुलांना स्वतःचं नाव छापायचंच असतं आणि अक्षरं उलटी येतात. यावर सोपा उपाय आहे. पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या स्केचपेनने कागदावर अक्षर सुलट, जाड लिहा. शाई ओली असतानाच कागद बटाट्याच्या तोंडावर पालथा दाबा आणि बोटाने चोळा. शाई बटाट्यावर उलटी उतरते. ती तशीच कोरा, छाप सुलट येतो. (फक्त या एका कामासाठी बटाटा अगदी कोरडा करू नका, थोडा दमट हवा.) देवनागरीत एका बटाट्यावर एकच अक्षर घ्या आणि शिरोरेषा ठशात कोरू नका. सगळी अक्षरं छापून झाली की शिरोरेषा ब्रशने एका ओढीत काढा. प्रत्येक ठशावर वेगळी शिरोरेषा कोरली, तर ती एका ओळीत कधीच जुळत नाही.

धरायला मूठ हवी. बटाट्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडून खाचा घ्या, म्हणजे चिमटीत धरता येईल असा उंचवटा राहतो. लहान मुलांसाठी मागून काटाचमचा खुपसून द्या.

रंग लावणं आणि छापणं

ठसा रंगात बुडवायचा नाही. खाचांमध्ये रंग भरतो आणि छाप म्हणजे नुसता डाग होतो. ताटलीत पातळ फोमचा तुकडा किंवा चार पदरी सुती कापड ठेवा. त्यावर दोन चमचे पोस्टर कलर पसरा आणि ठसा त्यावर हलके दोनदा टेकवा. रंग साईच्या दह्याएवढा घट्ट हवा. पोस्टर कलर डबीत आटला असेल, तरच थेंब-थेंब पाणी घाला. बटाटा स्वतःचं पाणी देतोच.

कागदाखाली वर्तमानपत्राचे सात-आठ पदर किंवा घडी केलेली चादर अंथरा. कितीही जपून कापला, तरी बटाटा आरशासारखा सपाट नसतो. खालची गादी किंचित दबते आणि ठशाचा कोपरान् कोपरा कागदाला टेकतो. थेट फरशीवर छापल्याने मध्ये पांढरे चट्टे राहतात. ठसा सरळ खाली टेकवा, तीन आकडे मोजेपर्यंत दाबा आणि सरळ वर उचला. डोलवायचा नाही, फिरवायचा नाही. नवा रंग घेतल्यावर पहिला छाप रद्दी कागदावर काढून जादा रंग उतरवा. दुसरा आणि तिसरा छाप सर्वांत चांगले येतात, चौथ्याला पुन्हा रंग.

छाप बिघडला, तर त्याच्याकडे बघून कारण ओळखता येतं. कडेला पाणचट वलय दिसलं, तर टिपणं कमी पडलं. कडेला रंगाची जाड रेघ आणि मध्य फिका असेल, तर रंग जास्त झाला. एकच बाजू सारखी फिकी येत असेल, तर काप तिरका आहे; तोंड पुन्हा सपाट होईल अशी १ मिलिमीटरची चकती काढा. सुरुवातीला छान येणारा छाप तासाभराने फिका पडला, तर बटाट्याचं तोंड सुकून आत गेलेलं असतं. तिथेही पातळ चकती काढून ठसा ताजा होतो. ५-६ मिलिमीटर खोली याचसाठी सांगितली. तेवढ्यात असा नूतनीकरणाचा खेळ दोन-तीनदा जमतो.

तोंड तपकिरी पडलं, तर घाबरू नका. हवेमुळे कापलेलं सफरचंद काळवंडतं, तसंच हे. गडद रंगाला त्याचा त्रास नाही. पांढरा किंवा पिवळा छापायचा असेल, तर कोरलेला ठसा लिंबू पिळलेल्या गार पाण्यात ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा पूर्ण टिपा. उरलेले ठसे झाकणाच्या डब्यात, ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये मात्र नाही. आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर ठसा लिबलिबीत होतो.

गेरूवर पांढरं: वारली नाच

वारली चित्रांचा पाया गोल, त्रिकोण आणि चौकोन. हे आकार बटाट्यातून सर्वांत सुबक निघतात, म्हणून कुटुंबाने मिळून करायचं पहिलं मोठं चित्र हेच असावं. पालघर भागात वारली बायका लग्नाच्या वेळी सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने देवीचं चौकोनी चित्र, म्हणजे चौक, काढतात. ही चित्रकला कागदावर आणून जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मुलांना हे सांगा. आणि देवीचा चौक मात्र खेळ म्हणून छापू नका, तो लग्नविधीचा भाग आहे. तारप्याचा, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा, नाच घ्या.

जाड खाकी कागद घ्या, साधारण ५० × ५० सेंटिमीटर. चार चमचे गेरू, एक चमचा फेविकॉल आणि लागेल तसं पाणी एकत्र करून दोन हात द्या. फेविकॉल टाळलं, तर गेरू ठशाला चिकटून पांढरा रंग गुलाबी होतो. पूर्ण वाळू द्या. खडूने मध्यापासून बाहेर जाणारी वळसेदार रेघ काढा. मध्यात तारपा वाजवणारा, वळशावर नाचणारे.

ठसा एकच लागतो: २ सेंटिमीटर पायाचा त्रिकोण. टोक खाली ठेवून छापला की छाती. त्याच टोकाला टोक लावून दुसरा छापला की कंबर. डोकं पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने उमटतं. हात-पाय बारीक ब्रशने किंवा काडीने. नाचणारे एकमेकांना धरून असतात, म्हणून आधी त्रिकोणांच्या सगळ्या जोड्या छापा आणि मग हात काढा. आधीच हात काढले, तर पुढच्याशी अंतर जुळत नाही. दोन माणसांत ३ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर वळशावर २० ते २५ जण मावतात. त्रिकोण मुलांचे, हात-पाय मोठ्यांचे अशी वाटणी चांगली जमते.

मांजरपाटाची पिशवी

कापडासाठी पोस्टर कलर चालत नाही, धुतला की जातो. कापडावर टिकणारे ॲक्रिलिक रंगच घ्या आणि त्यांत पाणी अजिबात घालू नका. नवी पिशवी आधी धुवा, नाहीतर कापडावरची खळ रंग आत शिरू देत नाही. वाळवून इस्त्री करा आणि आत पुठ्ठा घाला. पुठ्ठा नसला, तर छाप मागच्या बाजूलाही उमटतो. आधी चारही कोपऱ्यांत छापा, मग मध्ये, मग उरलेल्या जागा. एका कडेपासून ओळीने सुरुवात केली, तर शेवटी अर्धा ठसा उरतो. छापून झाल्यावर २४ तास सावलीत वाळू द्या. मग उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, वाफ न वापरता इस्त्री करा. पहिली धुलाई तीन दिवसांनी, गार पाण्यात, हाताने.

उरलेल्या तुकड्यांची खळ

रंग लागलेला बटाटा स्वयंपाकात नाही आणि गुरांपुढेही नाही. पण कोरताना निघालेले स्वच्छ तुकडे टाकू नका. पाव किलो तुकडे किसा, दोन वाट्या पाण्यात चोळा आणि पंचातून गाळा. पाणी अर्धा तास स्थिर ठेवा. वर गढूळ पाणी आणि तळाशी पांढराशुभ्र साका बसतो. वेफर्स करताना परातीच्या तळाशी दिसतो, तोच. वरचं पाणी अलगद ओता, नवं पाणी घालून पुन्हा निवळू द्या. पाव किलोत एक-दोन चमचे साका तरी मिळतो.

चिमूटभर साका बशीत घेऊन त्यावर पाण्याने पातळ केलेल्या बेटाडिनचा (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) एक थेंब टाका. क्षणात निळा-काळा रंग येतो, कारण आयोडीनची पिष्टाशी गाठ पडते. हेच साध्या मिठावर आणि तांदळाच्या पिठावर करून मुलांना फरक पाहू द्या.

उरलेल्या साक्याची खळ करा. एक चमचा साका दोन चमचे गार पाण्यात कालवा, त्यात पाऊण वाटी पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळा. उकळी येण्याच्या बऱ्याच आधी दुधाळ पाणी एकाएकी पारदर्शक होऊन दाटतं. तेव्हाच उतरवा, जास्त शिजली की ताणली जाऊन तारा सुटतात आणि चिकटपणा घटतो. गार साक्यावर थेट उकळतं पाणी ओतलं, तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. पतंगाचा किंवा आकाशकंदिलाचा कागद या खळीने डाग न पडता चिकटतो. जुन्या पद्धतीत खळ टिकावी म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. मोरचूद विषारी असतो, मुलं असलेल्या घरात तो नको. खळ ताजीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवली, तरी दोन दिवसांत संपवा.