आई-बाबांचा विसराळूपणा आणि शाकाहारी ताट: सुरुवात कुठून करावी?

गॅस बंद केला का, गोळी घेतली का, असं वारंवार व्हायला लागलं की आपण "वय झालं" म्हणून मोकळे होतो. घर शाकाहारी असेल तर त्याआधी रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ बघा. ते कमी पडलं की विसरभोळेपणा येतो, तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. वेळेत सापडलं तर यातलं बरंच सुधारतं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा दोन तृतीयांशांच्या आसपास लोकांत बी-१२ कमी निघालं होतं.

आधी तपासणी, मग गोळ्या. रिपोर्टमध्ये आकडा २०० pg/mL च्या खाली असेल तर कमतरता समजतात. २०० ते ३०० म्हणजे काठावर. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पिशवीच घेऊन जा, कारण मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ नीट शोषलं जात नाही. परस्पर नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

आता ताट. कपभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं आणि दिवसाची गरज २ च्या थोडी वर. चहातलं दूध यात धरायचं नाही! वाटीभर घट्ट दही, पनीर चालेल. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांच्या भरवशावर राहू नका. मुळात कमतरता असेल तर नुसत्या दुधाने ती भरून निघत नाही; गोळी की इंजेक्शन, ते डॉक्टर ठरवतील.

मंडईतून मेथी, चाकवत, माठ आणा. पालेभाजी जवळपास रोज हवी. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर मात्र पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नका, आधी विचारा. वरण घट्ट ठेवा. कवळी असेल तर मुगाची उसळ जरा घोटून द्या.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. चटणी आठवड्यापुरतीच करा, खवट होते.

उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दही.

उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी बी-१२ पुन्हा तपासा. आकडा सुधारूनही विसरणं वाढतच असेल तर थायरॉईड, ऐकू येणं, झोप, मन उदास असणं हेही बघायला लागतं. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे जा.