आमवातात घास अडकतोय? आधी कुठं अडकतोय ते बघा

आमच्या आईला आमवात आहे. जेवताना प्रत्येक घासाला पाणी लागायला लागलं तेव्हा घरात सगळे म्हणाले ॲसिडिटी असेल नायतर वय झालं. तसं म्हणून सोडून देऊ नका. आमवात फक्त बोटं-गुडघे धरतो असं नाही, जबडा, मान आणि स्वरयंत्रातला बारका सांधा पण सुजतो, त्यामुळं दोन-चार दिवस जेवताना शेजारी बसा आणि घास नेमका कुठं अडतोय ते लिहून ठेवा, डॉक्टरला त्यावरूनच निम्मं कळतं.

घास तोंडातच घोळत राहतोय, भाकरी टाळूला चिकटतेय आणि डोळ्यात पण वाळू गेल्यासारखं होतंय तर लाळ कमी झालेली असू शकते, आमवाताबरोबर शोग्रेन म्हणून आजार येतो त्यात असं होतं. कानापुढं दुखतंय, तोंड पूर्ण उघडत नाही तर जबड्याचा सांधा. जिभेवर पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, स्टिरॉईडवाल्यांना होते. आणि मेथोट्रेक्सेट (आमवाताची आठवड्याची गोळी) चालू असताना तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, गोळी आठवड्यातून एकदाच घेतली जातेय ना हे पण बघा, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं.

छातीत अडकल्यासारखं वाटत असेल तर गोळ्यांचा डबा काढा. पेनकिलरनं जळजळ वाढते. हाडांसाठीची आठवड्याची ॲलेंड्रोनेट असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, भरलेल्या ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नायतर अन्ननलिकेला जखम होते. ती घेऊन आधीच गिळताना दुखत असेल तर पुढची गोळी डॉक्टरला विचारूनच. अडकतात म्हणून कुठल्याच गोळ्या मनानं कुटून देऊ नका, मेथोट्रेक्सेट तर नाहीच नाही.

आता खाण्याचं. आपल्या कोल्हापुरात हे अवघडच आहे बघा. तोंड सोललेलं असेल तोवर तांबडा रस्सा बंद, आणि पांढरा दिसायला सौम्य असला तरी त्यात पण मिरची-मिरी असतेच. भडंग नको. मिसळ तर ठसका लागणाऱ्या माणसाला सगळ्यात वाईट, कट पटकन घशात उतरतो आणि फरसाण तोंडातच राहतं, दोन्ही एकदम सांभाळायला जमत नाही. त्यापेक्षा भाकरी दुधात नायतर आमटीत कुस्करून चांगली भिजू द्या, मऊ भात, घट्ट आंबील. ताठ बसवून छोटा घास, तो पूर्ण उतरल्यावरच दुसरा, जेवताना बोलायला लावू नका आणि टीव्ही बंद. पाण्यानंच ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, गिळायचं तंत्र तेच शिकवतात.

आवाज घोगरा झालाय, घशात गोळा वाटतोय, बोलताना कानात दुखतंय तर स्वरयंत्राचा सांधा असू शकतो, कान-नाक-घसा डॉक्टर दुर्बिणीतून बघतात. पण श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, लाळ पण गिळता येईना किंवा घास अडकून खाली-वर होईना तर अपॉईंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी तडक इमर्जन्सीला न्या. मान दुखून हातात मुंग्या येत असतील तर ते पण लगेच दाखवा. आणि एंडोस्कोपी असो की कुठलं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरला आमवात आहे हे तुम्ही स्वतः सांगा, मानेचा वरचा मणका सैल झालेला असेल तर घशातून श्वासाची नळी घालताना मान मागं वाकवणं धोक्याचं असतं, ते आधी मानेचा एक्सरे बघून घेतात.