हज-उमऱ्यात पाळी आली तर या चुका टाळा

हजची बॅग महिनाभर आधीपासून भरली जाते. पाळीचा प्रश्न मात्र बायका मक्केत पोहोचल्यावर, खोलीतल्या शेजारणीला दबक्या आवाजात विचारतात. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

पाळी आली, हज बुडाला असं समजणं

हिजरी 10 मध्ये, हज्जतुल विदाच्या, म्हणजे पैगंबर साहेबांच्या (स.) अखेरच्या हजच्या, वाटेवर, मक्केजवळच्या सरिफ इथे त्यांच्या पत्नी हजरत आएशांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या. पैगंबर साहेबांनी (स.) सांगितलं की हे अल्लाहनेच आदमच्या लेकींसाठी लिहून ठेवलं आहे, हाजी जे जे करतो ते सगळं कर, फक्त पाक होईपर्यंत काब्याचा तवाफ (काब्याभोवतीच्या सात फेऱ्या) करू नकोस. म्हणजे मीना, अरफात, मुजदलिफा, जमरातला खडे मारणं, कुर्बानी, केस कापणं यातलं काहीच थांबत नाही. नमाज माफ आहे, तिची कजाही (नंतर भरपाई) नाही. अरफातच्या मैदानात दुआ, जिक्र, दरूद, तल्बिया सगळं मनसोक्त करा. त्या दिवशी तंबूत कोपऱ्यात गप्प बसून राहिलेल्या बायका पाहिल्या की जीव तुटतो, कारण हजचा गाभाच तो दिवस आहे.

एहराम न बांधताच मीकात ओलांडणं

मीकात म्हणजे जिथून पुढे एहरामशिवाय जायचं नसतं ती हद्द, आणि एहराम म्हणजे नियत करून हज-उमऱ्याच्या बंधनांत येणं. ही चूक महागात पडते. "पाक झाल्यावर मक्केत बांधेन" म्हणून पुढे गेलात, तर मीकातवर परत यावं लागतं, नाहीतर दम (भरपाईची कुर्बानी) द्यावा लागतो. जुल हुलैफा, म्हणजे आपले हाजी ज्याला बीर अली म्हणतात तिथे, हजरत अस्मा बिन्त उमैस बाळंत झाल्या होत्या. त्यांनाही गुस्ल करून, कापड बांधून एहरामात यायला सांगितलं गेलं. तेव्हा अंघोळ करा, एहरामची दोन रकात नमाज सोडून द्या, नियत करा आणि लब्बैक म्हणा. थेट जेद्दाहला जाणार असाल, तर विमान मीकातवर पोहोचण्याआधी हे झालेलं असू द्या.

एहरामात कपडे बदलता येतात आणि डोक्यावरचा रुमाल काढून धुताही येतो. त्याने एहराम तुटत नाही. सुगंध मात्र चालत नाही, आणि इथेच नकळत घोळ होतो: दुकानातले बरेच पॅड आणि वाइप्स सुगंधी असतात. पाकिटावर बघून बिनवासाचेच घ्या, साबणही तसाच.

दुसरीच्या मजहबचा मसला स्वतःला लावणं

मजहब म्हणजे धार्मिक नियमांची परंपरा. दुसरीच्या परंपरेवर चालणं आपल्याकडे फार होतं. कोकणातल्या बहुतेक मुसलमान बायका शाफई, घाटावरच्या बहुतेक हनफी, आणि हजला दोघी एकाच खोलीत. हनफी मजहबात हैज (पाळी) कमीत कमी 3 दिवस, जास्तीत जास्त 10. शाफईत कमीत कमी एक दिवस-रात्र, जास्तीत जास्त 15. आता अकराव्या दिवशीही रक्त दिसतंय असं समजा. हनफी बाईसाठी तो इस्तिहाजा (पाळीबाहेरचं रक्त); ती गुस्ल-वुजू करून तवाफ करू शकते. शाफई बाईसाठी तो अजून हैजच असू शकतो. शेजारीण निघाली म्हणून ही पण निघाली, तर तिचा तवाफच होत नाही.

तमत्तूमध्ये, म्हणजे आधी उमरा आणि मग वेगळ्या एहरामात हज करण्यातही, तसंच. उमऱ्याचा तवाफ व्हायच्या आत पाळी आली आणि मीनाला जायचा दिवस उजाडला, तर हनफी बाई उमरा सोडून हजचा एहराम बांधते, नंतर उमऱ्याची कजा करते आणि दम देते. शाफई बाई त्याच एहरामात हजची नियत जोडते, तिचा हज किरान (उमरा आणि हज एकाच एहरामात) होतो. निघण्याआधीच आपल्या मजहबच्या आलिमांना किंवा आलिमाला विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

गोळ्या ऐनवेळी, मनानेच घेणं

तब्येतीला अपाय नसेल तर पाळी पुढे ढकलायला हरकत नाही. नॉरएथिस्टेरॉनची गोळी साधारणपणे तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करतात. पाळी आल्यावर घेऊन उपयोग नाही. डोस चुकला की डाग पडतात, आणि मग तवाफ करायचा की नाही हा नवा गोंधळ. सौदीचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास आहे, तेव्हा वेळा आधीच जुळवून घ्या. रक्ताची गुठळी, यकृताचा त्रास किंवा अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा.

तवाफे जियारत राहिला असताना गप्प राहणं

अरफातनंतरचा, हजचा हा मुख्य तवाफ फर्ज आहे, दम देऊन सुटत नाही. पाळीमुळे 12 जिलहिज्जाच्या पुढे गेला तरी गुन्हा नाही, दमही नाही. परतीचं विमान जवळ असेल तर ग्रुपच्या प्रमुखाला त्याच दिवशी स्पष्ट सांगा, तारीख पुढे नेता येते का ते बघायला त्यांना वेळ मिळतो. लाजेपोटी तशाच अवस्थेत तवाफ उरकू नका: शाफई मजहबात तो होतच नाही, हनफीत होतो पण गुन्हा ठरतो आणि उंट किंवा गाय द्यावी लागते. तवाफ झाल्यावर पाळी आली असेल, तर सई (सफा-मरवामधल्या फेऱ्या) मात्र करता येते.

तवाफे विदाचं, म्हणजे मक्का सोडतानाच्या निरोपाच्या तवाफचं, तसं नाही. पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत सफिय्यांना तवाफे जियारतनंतर पाळी आली, तेव्हा त्यांना निघायची मुभा मिळाली. तुम्हालाही आहे.