लिम्फोमा: कमी त्रासाच्या उपचारांविषयी बोलायला जाण्याआधी

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. ‘केमोपेक्षा सौम्य काही नाही का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, पण आधी गाठीचा नेमका प्रकार माहीत हवा. फॉलिक्युलर किंवा मार्जिनल झोन यांसारख्या सावकाश वाढणाऱ्या प्रकारांत सौम्य मार्ग खरोखर असतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल वेगाने वाढतो, पण पूर्ण मात्रेच्या उपचाराने तो बरा होऊ शकतो. तिथे उगाच मात्रा कमी करून घेणं महागात पडतं. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांसाठी ‘मिनी’ मात्रेचा पर्याय असतो, तो वेगळा.

म्हणून पिशवीत सर्वांत आधी बायोप्सीचा रिपोर्ट, काचा (स्लाइड) आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक ठेवा. नुसत्या सुईच्या तपासणीवर उपचार ठरत नाहीत. ब्लॉक लॅबकडेच असतो, मागून घ्यावा लागतो. दुसऱ्या मतासाठी कोल्हापूरहून मुंबईत परळला टाटा रुग्णालयात जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी तो ताब्यात घ्या. बायोप्सी व्हायची असेल तर मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. गाठ तात्पुरती बसते आणि निदान चुकतं.

मग घरी एक वही करा: रात्री कपडे भिजवणारा घाम, ताप, सहा महिन्यांतली वजनातली घट. सावकाश वाढणाऱ्या प्रकारात अशी लक्षणं नसतील, सात सेंटिमीटरहून मोठी गाठ नसेल आणि रक्तपेशी ठीक असतील, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही रीतसर उपचारच आहे. शेजारीपाजारी ‘डॉक्टर काहीच करेनात’ म्हणतील, म्हणू देत. एखादीच गाठ त्रास देत असेल तर दोन दिवसांत मिळून ४ ग्रे (रेडिएशनचं माप) एवढं थोडं रेडिएशन पुरेल का, ते विचारा. जठरातला माल्ट (मार्जिनल झोनचाच एक प्रकार) असेल तर एच. पायलोरी या जंतूची तपासणी झाली का, ते पाहा. तो जंतू सापडला तर बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या कोर्सनेच गाठ विरघळते.

केमोशिवाय एकट्या रिटुक्सिमॅबचं (लिम्फोमाच्या पेशींना नेमकं गाठणारं, सलाईनमधून द्यायचं अँटिबॉडी औषध) ठरलं, तर सहसा आठवड्याला एक असे चार डोस. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम. म्हणून उंची-वजन ताजं हवं. १.६ चौरस मीटरला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० ची एक आणि १०० ची एक बाटली. बाहेरून आणायची असेल तर २ ते ८ अंशांत आणा आणि बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं औषध वाया जातं. हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, पृष्ठभागावरचा अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी, आधीच करा. जुना, दबलेला विषाणू या औषधाने उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं. ही तपासणी राहिली असेल तर डोस पुढे ढकललेला बरा.

रक्तदाबाची गोळी आदल्या रात्रीपासून थांबवायची का, ते विचारून घ्या, कारण सलाईन चालू असताना दाब उतरतो. पहिला डोस तासाला ५० मिलिग्रॅमने सुरू होतो, दिवसभर लागतो. थंडी, ताप, खाज पहिल्याच वेळी जास्त. सलाईन थांबवलं किंवा वेग कमी केला की सहसा ओसरते. सोबत एक माणूस आणि शाल हवी.

रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. मंजुरी उपचाराआधी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात डोस असेल तर पंचगंगेच्या पातळीवर नजर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. नदीपलीकडून येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी.