ऑलिम्पिया स्नो यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

अमेरिकी राजकारणात मध्यममार्गी नेता हा अभ्यासविषय वरवर सोपा वाटतो आणि प्रत्यक्षात फार दमवतो. मी मेन राज्याच्या रिपब्लिकन नेत्या ऑलिम्पिया स्नो यांची निवड केली आणि ती निवड अजूनही अधूनमधून जड जाते. १९७३ मध्ये पतीच्या अपघाती निधनानंतर त्यांच्या रिक्त जागेवर त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेल्या. १९७६ मध्ये राज्याच्या सिनेटवर, १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रतिनिधिगृहावर आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय सिनेटवर निवडून आल्या. हा पट कोठेही मिळतो. त्यावर आठवडे घालवू नका.

खरा खड्डा मतनोंदींमध्ये आहे. १३ ऑक्टोबर २००९ रोजी स्नो यांनी सिनेटच्या वित्त समितीत आरोग्यविमा सुधारणेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि २४ डिसेंबरला पूर्ण सभागृहात विरोधी मत नोंदवले. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की ‘घूमजाव’ हा शब्द आयता सुचतो. माझे एक संपूर्ण प्रकरण त्या शब्दापायी अडून राहिले होते. समितीचा मसुदा पुढे दुसऱ्या समितीच्या मसुद्याशी जोडला गेला होता, त्यामुळे दोन्ही वेळा मतदान एकाच मजकुरावर झालेले नव्हते. मतांचे गणितही तपासावे लागते. समितीत डेमोक्रॅट १३ आणि रिपब्लिकन १० होते, म्हणजे स्नो यांच्याविनाही मसुदा संमत झाला असता. डिसेंबरमध्ये चर्चा थांबवण्यासाठी लागणारी ६० मते डेमोक्रॅटिक गटाकडे दोन अपक्षांसह होतीच. याउलट फेब्रुवारी २००९ मध्ये आर्थिक उत्तेजनाच्या विधेयकाला ती ६० मते स्नो, सुसान कॉलिन्स आणि आर्लेन स्पेक्टर या तीन रिपब्लिकनांशिवाय मिळत नव्हती, म्हणून विधेयकाची रक्कम कमी करून घेण्याची ताकद त्यांच्या हाती आली. प्रत्येक मतापुढे मसुदा कोणता, टप्पा कोणता आणि त्या मताविना निकाल बदलला असता का, या तिन्ही गोष्टी लिहिल्याखेरीज एकही निष्कर्ष काढू नका.

मतनोंदींवरून काढलेल्या विचारसरणीच्या गुणांकनावर भागवण्याचा सल्ला देणारे मार्गदर्शक तुम्हालाही भेटतील. ते गुणांकन तुलनेसाठी उपयोगी आहे. मात्र समितीच्या खोलीत कोणती दुरुस्ती पदरात पाडून घेतली, हे त्यात दिसत नाही, आणि मध्यममार्गी नेत्याचे बहुतांश काम तेथेच होते. घाईच्या मार्गदर्शकापेक्षा चिकाटीचा ग्रंथपाल बरा, असे माझे ठाम मत आहे.

एवढ्याने धीर सोडू नका. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगात १९९९ मध्ये दोन्ही आरोपांवर दिलेले ‘दोषी नाही’ हे मत, किंवा न्यायाधीशांच्या नेमणुकांवरील कोंडी फोडणाऱ्या चौदा सिनेटरांच्या २००५ च्या गटातील सहभाग, ही प्रकरणे तुलनेने सरळ आहेत आणि आत्मविश्वास देतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले, तेथून मागे वाचत जाण्याचा मोह मात्र टाळा. मेन विधिमंडळातील चर्चांचे जुने वृत्तान्त आता संगणकावर वाचता येतात. १९७३ ते १९७८ या वर्षांचे वृत्तान्त आधी काढा.